दोन आखूड शिट्ट्या

दौंड, ४ ऑगस्ट १९९६, रविवार

मार्था आंटी आज गेली. सकाळच्या गाडीनं मुंबई, तिथून विमान, ऑस्ट्रेलियात लेकीकडे. कायमची. शेजारचा क्वार्टर रिकामा झाला. तिचे साहेब, म्हणजे नवरा, ड्रायव्हर होते, यंदाच रिटायर झाले आणि महिन्याभरात वारले. त्यांच्या गाडीवर गार्ड म्हणून मी बरीच वर्षं चाललो.

जाताना आंटीनं भांडंकुंडं काही दिलं नाही, कुत्री दिली. फॉक्स टेरियर, वय तीन, पांढरी, डाव्या डोळ्यावर काळा डाग, कान अर्धे दुमडलेले. अशा कानांना इंग्रजीत बटन इअर म्हणतात, म्हणून नाव बटन. "गार्ड बाबू, ये गोद में बैठनेवाला कुत्ता नहीं है. इसको काम मंगता." हे तीनदा सांगितलं. सोबत एक वही. बटनचा स्वभाव आणि निगा, सगळं इंग्रजीत, नंबर घालून.

सुशीलाला (इथून पुढं सु.) हे गाडी सुटल्यावर सांगितलं. चुकलंच. "तीन म्हयन्यांनी रिटायर व्हायचं, गावाकडं जायचं, आन् आता कुत्री?" रात्री ताट आदळून वाढलं.

७ ऑगस्ट

बटन बसत नाही. खरंच बसत नाही. दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. मी ड्यूटीवरून येऊन आडवा झालो की पोटावर उभी राहते आणि तोंडाकडे बघते. वहीत क्र. १: 'दिवसातून दोनदा तासभर पळवा. दमलेला टेरियर हाच शहाणा टेरियर.' कोण दमणार ते लिहिलेलं नाही.

११ ऑगस्ट

सु.चा मोगरा गेला. मुळासकट. बटननं सकाळी सहापासून उकरायला घेतलं, आठला आळं नव्हतं, खड्डा होता. सु. लाटणं घेऊन धावली. तेवढ्यात खड्ड्यातून घूस निघाली, बटनच्या निम्म्यानं असेल. मानेला धरून दोन झटके दिले, खेळ खलास. आणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवली.

ही घूस सहा महिने आमच्या मोरीचं सिमेंट पोखरत होती. पिंजरे लावले, गोळ्या टाकल्या, रेल्वेच्या माणसाला चारदा अर्ज दिला.

संध्याकाळी बघतो तर सु. बटनला उकडलेलं अंडं घालत होती. मला बघून म्हणाली, "उरलं व्हतं." आमच्यात अंडं कधी उरत नाही.

१८ ऑगस्ट

हाक मारली तर येत नाही. बटन, बटन करून घसा सुकला. ग्राउंडवर लोक हसतात. वहीत क्र. ६: 'ती हट्टी नाही. ती कामात असते.' वा!

मग डोकं चालवलं. शिट्टी. बत्तीस वर्षं खिशात आहे, स्वतःची, पितळी, ऑफिसची नव्हे. दोन आखूड फुंकायच्या, आली की सुकटाचा तुकडा. उद्यापासून.

२४ ऑगस्ट

जमलं! पाच दिवसांत. आज ग्राउंडच्या पार त्या टोकाला सरड्यामागं लागली होती. दोन आखूड मारल्या. सरडा सोडून सुसाट आली आणि माझ्या बुटांवर बसली. बत्तीस वर्षांत माझ्या शिट्टीवर इतक्या लगेच कुणी हललं नाही. ड्रायव्हरही नाही.

सु.ला दाखवलं. ती म्हणाली, "बरंय." पण बघत होती.

१ सप्टेंबर

मी गाढव आहे.

आज सुट्टी. दाढी करत होतो. फलाटावर पुणे शटल सुटायच्या तयारीत, आमच्यातला गार्ड रफिक, त्याची ड्यूटी. त्यानं शिट्टी मारली. बटन अंथरुणावरून उठली, खिडकीतून बाहेर, भिंत पार, दिसेनाशी. मी अर्ध्या साबणानं मागं. फलाटावर जाऊन बघतो तर बाईसाहेब रफिकच्या बुटांवर बसलेल्या. रफिक एका हातात हिरवी झेंडी धरून हसतोय. "साळवेसाहेब, तुमने तो इसको डिपार्टमेंट में भरती कर दिया!"

दौंड जंक्शन. दिवसातून किती गाड्या सुटतात, किती गार्ड शिट्ट्या मारतात. आणि मी, जन्म याच कामात घालवलेला माणूस, कुत्रीला गार्डची शिट्टी शिकवली. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं.

१३ सप्टेंबर

मोडायचा प्रयत्न चालू. शिट्टी मारतो, सुकट देत नाही. तरी येते. एक लांब मारली, तरी येते. फलाटावरच्या शिट्टीला जाऊ नये म्हणून दार लावलं, तर दाराखालचा पत्रा उचकटला. वरून हे गार्ड लोक. प्रत्येकानं खिशात बिस्किट ठेवायला सुरुवात केलीय. मी बिघडवलं त्यापेक्षा जास्त ते बिघडवतात. वहीत क्र. ११: 'ती एकदा शिकली की विसरत नाही. काय शिकवता ते बघून शिकवा.' हे मी आज वाचलं. अकरावा नंबर आधी वाचायला हवा होता.

६ ऑक्टोबर

निगेचा दिवस. महिन्यातून एकच आंघोळ, जास्त नको, कातडी कोरडी पडते. कान दुमडलेले म्हणून आत मळ साचतो, कापूस फिरवला. गोचीड सात निघाले, रॉकेलच्या डबीत. नखं कापायची गरज नाही, उकरून उकरून झिजतात. पुढचा उजवा पंजा सोललाय, हळद लावली तर चाटून टाकली. हे सगळं होईपर्यंत मांडीवर गप्प. बाकी दिवसभर चौखूर. मला आवडलं ते पंधरा मिनिटांचं गप्प बसणं. तिलाही आवडलं असावं.

३१ ऑक्टोबर

संपलं.

शेवटची गाडी सोलापूरहून आणली, ६ मिनिटं लेट, माझ्यामुळं नाही. हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. वेळेवर चालणाऱ्या माणसाला घड्याळच देतात. लाइन बॉक्स म्हणजे गार्डाची पेटी, झेंड्या, हातदिवा जमा केला, सही केली. शिट्टी राहिली. भाषणात रफिकनं बटनचं नाव घेतलं, सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मोरीत जाऊन तोंड धुतलं, जरा जास्तच वेळ.

क्वार्टर सोडायला चार महिने. २८ फेब्रुवारीला चावी द्यायची. मग निमोणे. भावाच्या शेजारी दोन खोल्या बांधल्यात, प्लॅस्टर बाकी.

९ नोव्हेंबर

पहाटे चारला जाग. कुठं जायचंय? कुठं नाही. पडून राहिलो. बटन पोटावर.

सकाळी शटलला फलाटावर. दुपारी मनमाड पॅसेंजरला. संध्याकाळी परत. बटनला फिरवायला म्हणून. सु.नं विचारलं, "तुम्ही तिला फिरवता का ती तुम्हाला?"

बटन आता प्रत्येक गाडी सोडते. शिट्टी झाली की गार्डाच्या बुटांवर, बिस्किट, गाडी हलली की डब्याबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत पळत, उतार आला की थांबते. मग परत माझ्याकडे, जीभ बाहेर, डोळ्यांत समाधान. तिच्याकडे काम आहे.

हे वाचून मीच दचकलो. कुत्रीचा हेवा!

२० नोव्हेंबर, निमोणे

एस.टी.नं आलो. शिरूरला बदलून. खोल्या बघितल्या. सु.चं तोंड असं उजळलेलं मी लग्नातही बघितलं नव्हतं. इथं चूल, इथं मोगरा, इथं खिडकी पाडायची राहिली. मोजत फिरत होती पावलांनी. भाऊ म्हणाला, "दादा, आता ऱ्हावा निवांत."

मी अंगणात उभा राहिलो. काहीच ऐकू येत नाही. ज्वारीत पाखरं, लांब कुणाची तरी मोटर. इथून रूळ कुठंच जवळ नाही. बटननं तासाभरात तीन बिळं शोधली, पण मध्येच थांबून कान उभे करी आणि वाट बघी. मीही.

सु.ला म्हणालो, प्लॅस्टर झालं की येऊ. म्हणाली, "प्लॅस्टर धा दिवसांचं हाय."

५ डिसेंबर

उद्या दादर. सु. वाड्यातल्या बायकांबरोबर दर सहा डिसेंबरला जाते, मी कधी गेलो नाही. त्या दिवशी सगळ्या गार्डांना ड्यूटी. गर्दीच्या गाड्या आमच्याच लोकांनी भरलेल्या आणि मी शेवटच्या डब्यात झेंडी घेऊन. यंदा पहिल्यांदा गाडीत बसून जाणार. सु.नं माझा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवलाय.

बटनला नेता येणार नाही. पाणी, भाकरी, दोन अंडी. ओसरीच्या खांबाला सुतळीनं बांधलं, दुहेरी. वहीत क्र. ३: 'बांधू नका.' दोन दिवसांचा तर प्रश्न.

८ डिसेंबर

सुतळी कुरतडलेली. बटन नाही.

आल्या आल्या फलाटावर गेलो. तिकडे म्हणतात, सहा तारखेला सकाळी होती. ज्यादा गाड्या, गर्दी, शिट्ट्याच शिट्ट्या. कुणीतरी तिला गार्डाच्या डब्यात चढताना बघितलं. कुठल्या गाडीत? माहीत नाही. पुणे, मनमाड, सोलापूर, तिन्हीकडे गाड्या सुटल्या होत्या.

मी दादरला बाबासाहेबांपुढं रांगेत उभा होतो तेव्हा ती इथं मला शोधत होती का? की कुणाच्याही शिट्टीवर सहज गेली? दोन्ही विचार वाईट.

११ डिसेंबर

रफिकनं सगळ्या गार्डांना सांगितलंय. स्टेशनांवर निरोप गेले. पांढरी, डाव्या डोळ्यावर काळं, लहान. काष्टी नाही. भिगवण नाही. पाटस, 'एक पांढरं हाय, पन लांडं दिसतंय.' जाऊन आलो. लांडंच होतं, शेपूट तुटलेलं.

सु. अंडं उकडते रोज एक. संध्याकाळी मी खातो.

१९ डिसेंबर

लिहायची लाज वाटते, पण लिहितो. इथं खोटं लिहून काय करू.

केडगावला उतरलो होतो. फलाटावर हाका मारून उपयोग नाही, हाकेला ती येतच नाही. तिला येते ती एकच गोष्ट, आणि ती फलाटावर वाजवायची मला परवानगी नाही. गार्डची शिट्टी म्हणजे ड्रायव्हरला निघायची खूण. हे मला कुणी शिकवायला नको. दहा स्टेशनं फिरलो, एकदाही खिशातून काढली नाही. आज पलीकडच्या टोकाला पांढरं काहीतरी हललं. काढली आणि मारली. दोन आखूड.

शटल उभं होतं. सिग्नल पडलेला. एक म्हातारी दाराचा दांडा धरून एक पाय फलाटावर. गाडी हलली. शटलचा गार्ड ओरडला, लाल झेंडी दाखवली, चार हातांवर थांबली. म्हातारी पडली नाही. काही झालं नाही. पण झालं असतं.

पांढरं म्हणजे पिशवी होती.

स्टेशन मास्तर तरुण, माझ्या मुलाच्या वयाचे असते, मुलगा असता तर. ऑफिसात बसवून पाणी दिलं. म्हणाले, "साळवेसाहेब, तुमच्यावर मेमो तरी कसा लिहू? तुम्ही आता कुणीच नाही." रागानं नव्हते म्हणाले. ते जास्त लागलं.

२० डिसेंबर

शिट्टी कपाटात, कपड्यांच्या खाली.

५ जानेवारी १९९७

रफिक आला होता. खुटबावच्या पुढं रुळाच्या कडेला एक गुऱ्हाळ आहे, तिथं चिपाडाच्या ढिगावर पांढरी कुत्री त्यानं धावत्या गाडीतून बघितली. शिट्टी मारली तर कान टवकारले म्हणे. "वही है, कसम से."

झोप नाही.

७ जानेवारी

बटनच.

स्टेशनपासून दोनशे पावलं. रस उकळतोय, धूर, उसाची चिपाडं वाळत घातलेली, डोंगराएवढा ढीग. त्यात उंदीर, घुशी. आणि ढिगातून शेपटी तेवढी बाहेर. मी नुसता खाकरलो. शेपटी थांबली. मग सगळी बाहेर आली, माझ्या पोटावर, छातीवर, तोंड चाटून ओलं. रडलो. लिहून टाकतो, रडलो. एक कान फाटून बरा झालाय. अंग कसं घट्ट, एक गोचीड नाही.

गुऱ्हाळाचे मालक आप्पा, सत्तरीचे, पांढरं पागोटं. कौतुकानं सांगत होते: "सा तारखेच्या गर्दीत टेसनावर उतरली, वास घेत हितं आली. पयल्या दिवशी अकरा उंदीर मारलं बघा. चुलवाणात चिपाड सारणाऱ्या गड्याला नाग चावता चावता ऱ्हायला, हिनं भुंकून काढला." मी ऐकत होतो, अभिमान वाटत होता. आप्पांनी स्टीलचा पेला भरून रस माझ्याकडे केला. "कुठलं म्हनालात? निमोनं? निमोन्यात कुनापैकी?"

मी सांगितलं, सरळ.

पेला चुलवाणाच्या काठावर ठेवला गेला. रस आला प्लास्टिकच्या मगातून. आप्पांचा चेहरा तसाच हसरा, बोलणंही तसंच गोड. बटन आतल्या घरात चुलीपर्यंत जाऊन आली.

मग म्हणाले, "गुऱ्हाळ हाय तवर ऱ्हाऊ द्या की. शिवरात्रीपतुर. कामाला लई चांगली हाय." बटन तोवर परत ढिगात. मी हो म्हणालो.

८ जानेवारी

का हो म्हणालो? रस प्यायलो वर! तो प्लास्टिकचा मग तिथंच खाली ठेवायला हवा होता. बत्तीस वर्षं प्रवाशांशी भांडलो, ड्रायव्हरांशी भांडलो, साहेबांशी भांडलो, आणि तिथं मान डोलावली, आमचे आजोबा डोलावायचे तशी. दिवसभर स्वतःलाच शिव्या.

पण दुसरंही खरं आहे. तिला काम होतं. क्वार्टरमध्ये काय होतं? माझं पोट.

२ फेब्रुवारी

सु. आज फुटली. टेम्पोवाल्याला २८ तारीख सांगायची तर मी म्हणालो, शिवरात्र सात मार्चला, तोवर बटन खुटबावला, आपण अर्ज करून क्वार्टर महिनाभर वाढवून घेऊ.

"कुत्रीसाठी न्हाई. तुम्हाला जायचंच न्हाई."

मी कॅलेंडरचं पान उलटलं.

"बत्तीस वर्सं मी हितं गाड्या ऐकल्या. तुम्ही गाडीत, मी घरात. आता मला माझ्या दारात झाड लावू द्या."

मग जे बोलली ते शब्दाला शब्द उतरवून ठेवतो. म्हणालो, तू काय ऐकलंस, सगळ्या शिट्ट्या सारख्याच, त्याच चुकीपायी तर कुत्री गेली. ती म्हणाली, "सारख्या? तुमची शिट्टी मला हजारात कळायची. दुसरी जरा वर जाती शेवटाला. ती वाजली की मी आधण ठेवायची. रफिकभावजींची सपाट. कवा चुकली न्हाई मी."

गाडी आणली की रिकामे डबे यार्डात पाठवायला मी शिट्टी मारायचो, मग घरी; बत्तीस वर्षं आलो की चहा तयार असायचा. मला वाटायचं ती टाइमटेबल बघते.

९ फेब्रुवारी

कपाटातून शिट्टी काढली. घरात हळू मारून बघितली. दुसरी खरंच वर जाते. जीभ तशी लागते. मला माहीत नव्हतं.

बटनला हे कळत असेल का? सु.ला विचारलं. "मला कळलं, तिचं कान तर मोट्टं हायत."

२० फेब्रुवारी

बांधाबांध. आंटीची वही सापडेना, घाबरलो, पिठाच्या डब्यामागं निघाली. शेवटचं पान कधी उघडलंच नव्हतं. क्र. १९: 'तुम्ही काम करत नसाल तर तिला तुमचा कंटाळा येईल. तिच्यासाठी म्हणून तरी उठत जा.' आंटी, तू हे माझ्यासाठी लिहिलंस की आधीच्या कुणासाठी? साहेब रिटायर झाल्यावर लिहिलं असणार.

निमोण्याला काय काम देऊ तिला? भावाच्या कडब्याच्या गंजीत उंदीर आहेत. शेजाऱ्यांच्याही असतील. सकाळी उठून तिला घेऊन गावभर गंज्या तपासत फिरायचं. लोक हसतील. हसू देत.

बस्स, शिवरात्रीची वाट बघायची नाही. २६ला खुटबाव. सु. म्हणाली, "मी येती."

२६ फेब्रुवारी, बुधवार

क्वार्टर रिकामा, अंथरुणाची वळकटी तेवढी. त्या वळकटीवर बसून लिहितोय. परवा चावी.

सकाळच्या शटलनं खुटबाव. आप्पांनी या बसा केलं. रस काढायला सांगितला. प्लास्टिकचे मग आले दोन. सु.नं मग हातात घेतलाच नाही. पिशवीतून घरचे दोन पेले काढले, पुसले, पुढं केले. "यात द्या. आमी आनल्यात." आवाज चढवला नाही की काही नाही. आप्पा पागोटं सारखं करत राहिले. त्यांची सून घरात गेली, स्टीलचे पेले घेऊन आली, भरून आमच्यापुढं ठेवले आणि सासऱ्याकडे न बघता परत गेली. सु. प्यायली. मीही. आमचे पेले कोरडेच पिशवीत गेले.

मग मी सांगितलं, कुत्री न्यायला आलोय. शिवरात्र होईपर्यंत थांबणार नाही.

आप्पा जरा कडक झाले. "न्हेऊ नका आसं कोन म्हनतं? पन दोरी लावून वढायची न्हाई. तिला हितं काय कमी हाय? तुमच्या शिट्टीवर येती म्हनता ना? मारा. आली तर तुमची. न्हाई आली तर मी काय सोडत न्हाई."

बटन त्या वेळी ढिगाच्या पायथ्याशी होती, तोंड बिळात. आम्ही आल्याचं तिला कळलं होतं, एकदा येऊन सु.चे पाय चाटून गेली होती. पण कामात होती.

मी घड्याळ बघितलं. पुण्याहून येणारी गाडी दहा मिनिटांत. म्हणालो, ती जाऊ दे, मग मारतो. स्टेशन जवळ आहे, गाडी उभी असताना मी शिट्टी मारणार नाही. केडगाव पुन्हा नको. आप्पा हसले. "भ्या वाटतं व्हय?"

वाटत होतं. गाडीचं नुसतं निमित्त. नाही आली तर काय करायचं, हे मी ठरवलंच नव्हतं. आली तर तिला या ढिगातून काढून एका रिकाम्या माणसाच्या अंगणात नेऊन बसवायची, याचीही भीती. दोन्हीकडून भीती.

सु. म्हणाली, "गाडी लांब हाय आजून. मारा."

सिग्नलकडे बघितलं. लाल. रूळ रिकामे. शिट्टी तोंडाला लावली, ओठ कोरडे. पहिली आखूड बरी गेली. दुसरी फुटली. नुसती हवा.

तरी बटननं बिळातून डोकं काढलं. नाकावर माती, फाटका कान उभा. चार पावलं आली आणि थांबली. शेपटी ताठ. माझ्याकडे बघत होती, पण शिट्टीत ओळखीचं काही सापडत नसल्यासारखी मान वाकडी करून. मागं बिळात काहीतरी खुडबुडलं, तिनं तिकडे बघितलं. परत माझ्याकडे. आप्पा पुढं वाकून बघत होते. चुलवाणातला गडीसुद्धा हात थांबवून उभा.

लांबून भोंगा ऐकू आला. गाडी येत होती. ती आली, थांबली, की तिचा गार्ड शिट्टी मारणार, आणि बटन त्याच्या बुटांकडे. दोन मिनिटं, फार तर तीन.

सु. माझ्याजवळ आली. माझ्या हातातली शिट्टी घेतली, पदरानं पुसली, परत माझ्या हातात दिली.

"ही तुमची न्हवती," म्हणाली. "दुसरी वर जाऊ द्या. तुमची मारा."